ताई, मुलीला घेऊन पुण्याला परत येऊ का?

प्रिय ताई,
आम्ही पुण्याचे. नवरा चाकणला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत होता, तिथूनच त्याला स्टुटगार्टला पाठवलं. गेल्या जूनमध्ये आलो, म्हणजे आता आठ महिने झाले. मी कोथरूडला शाळेत सात वर्षं गणित शिकवत होते, ते सोडून आले. मुलगी चार वर्षांची होईल, ऑक्टोबरपासून किटामध्ये जाते म्हणजे इथल्या बालवाडीत, पण तिथे एक शब्द बोलत नाही आणि ट्राममध्ये मी मराठीत बोलले की "आई हळू बोल ना" म्हणते. एक मैत्रीण म्हणाली घरी पण जर्मनच बोला, पटकन शिकेल. खालच्या मजल्यावरच्या आजी कायम चिडलेल्या. आमच्या दाराच्या हँडलला कुणीतरी एक पाटी अडकवली होती, मला वाटलं चुकून राहिली, मी ती जिन्यातल्या खिडकीत ठेवली, तर पुढच्या आठवड्यात दारावर चिठ्ठी. नवऱ्याने ती मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचली आणि म्हणाला, बघू गं. सगळ्याला तो बघू गंच म्हणतो. माझ्या नावाची दोन पत्रं परत गेली, का ते कळलं नाही. रोज आईशी तासदीडतास, मग चार वाजता सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, आणि फोन ठेवला की बाथरूममध्ये जाऊन रडते. मुलीला घेऊन वर्षभर पुण्याला येऊन राहू का?
- एक कंटाळलेली पुणेकर

बाई गं, तुझं पत्र वाचून मी आधी खो खो हसले आणि मग हसले म्हणून वाईट वाटलं. त्या पाटीपायी मी पण बोलणी खाल्लीयेत. एकवीस वर्षांपूर्वी मी तुझ्या शेजारच्याच गावात, एसलिंगनला, आले, कडेवर दीड वर्षाचा मुलगा, आणि पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्याला सांगून टाकलं होतं की माझं तिकीट काढ, तुला यायचं तर ये. त्यामुळे परत येऊ का याचं उत्तर देते, पण आधी पाटीचं बघू, ते या शनिवारीच मिटण्यासारखं आहे.

त्या पाटीवर केअरवोखे असं लिहिलेलं असणार. झाडायचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराला, त्या आठवड्यात जिना त्याचा. लहान केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या, झाडून ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या, आणि मोठी असेल तर तळघर, बिल्डिंगच्या समोरची फरशी, कचऱ्याचे डबे, वर थंडीत फुटपाथवरचा बर्फ पण, तोही सकाळी लोक बाहेर पडायच्या आत. झालं की पाटी पुढच्या दाराला. ही श्वाबन लोकांची, म्हणजे त्या भागातल्या मूळच्या लोकांची, फार जुनी भानगड आहे, मुळं पंधराव्या शतकातली, शहराने १९८८ मध्ये सक्ती काढून टाकली पण घरमालकांच्या भाडेकरारातून ती काही गेली नाही, तुमच्या करारात पण असेल, शेवटच्या पानांवर जो घराच्या नियमांचा कागद असतो ना, जो कुणीच वाचत नाही, त्यात. आता आजींच्या बाजूने बघ. तू पाटी खिडकीत ठेवलीस म्हणजे पूर्ण आठवडा जिना कुणाचाच नव्हता, आणि पुढचा माणूस पाटीची वाट बघत बसला. आपल्याकडे सोसायटीत पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायची पाळी चुकवली तर काय होतं, तसंच.

या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला बादली-फडकं घेऊन जिन्यात जा. रविवारी नको आणि दुपारी एक ते तीन तर अजिबात नको, बऱ्याच बिल्डिंगमध्ये तेव्हा शांतता पाळतात. जिना स्वच्छ असला तरी पूस, आवाज करत पूस (हे सगळं पुसताना दिसण्याचं काम आहे, माझं ठाम मत आहे, जर्मन मैत्रिणी मान्य करत नाहीत). आजी बाहेर येतीलच, त्या दाराच्या भोकातून बघतच असतात. "ग्र्यूस गॉट" म्हण, तिकडे गुटन टागपेक्षा हेच चालतं, आणि सरळ सांग की मला माहीत नव्हतं, मी नवीन आहे. मोडक्या जर्मनमध्ये सांग, इंग्लिशमध्ये नको, मोबाईल पुढे करून तर नकोच. माझ्या वेळच्या आजींनी मला त्या दिवशी फडकं कसं पिळायचं ते दाखवलं होतं, मी तिशीची बाई, मला फडकं पिळायला शिकवतायत, संताप झाला होता नुसता, पण पुढची नऊ वर्षं मुलाला ताप आला की पहिली बेल मी त्यांचीच वाजवायचे.

तसं बोलणी खायला तिथे बरंच काही आहे. रविवारी काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत कारण खळ्ळकन आवाज होतो, ते मी रविवारी दुपारी अडीच वाजता केलं होतं. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या पहिले दोन महिने मी कचऱ्यात टाकत होते, त्यातल्या बहुतेकींवर २५ सेंट डिपॉझिट असतं आणि सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या की परत मिळतात हे कुणी सांगितलंच नाही, रद्दीवाल्याशी रुपया-दोन रुपयांवरून वाद घालणारी मी, मला ते कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

आता तुझी दोन पत्रं. हे तुझ्या पत्रात एका ओळीत उरकलंयस, पण मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. तू लग्नानंतर आडनाव बदललं नसशील, बरोबर? जर्मनीत फ्लॅट नंबर नावाचा प्रकार बहुतेक ठिकाणी नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघतो आणि ते आडनाव नसेल तर पत्र परत. तुमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असणार. म्हणजे आठ महिने तू त्या पत्त्यावर राहतेयस, नगरपालिकेत नोंदणी पण झालीय, आणि पोस्टाच्या लेखी तिथे तू राहतच नाहीस. आज संध्याकाळी एका कागदावर आपलं आडनाव लिही, चिकटपट्टीने पेटीवर लाव आणि बेलवर लाव, नीट छापलेली पट्टी नंतर बिल्डिंगच्या हाउसमाइस्टरकडून, म्हणजे देखभाल बघणाऱ्या माणसाकडून, किंवा मालकाकडून होईल. नवऱ्याला विचारायची गरज नाही, "बघू गं" म्हणेल.

हे लहानसं काम वाटतं खरं पण तुझं सगळंच असं झालंय बघ. पत्रं तो वाचतो, बँक तो बघतो, डॉक्टरची अपॉइंटमेंट तो घेतो, घरमालकाशी तो बोलतो. ज्या बाईने सात वर्षं चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग गप्प बसवला तिला आता दारावरची चिठ्ठी वाचायला संध्याकाळी सहापर्यंत थांबावं लागतं. रडू येणारच की. मला नाही वाटत तुला पुण्याची आठवण येऊन रडू येतं, निदान नुसतं तेवढ्याने नाही, तुला तिथे तुझं असं एक पण काम नाहीये म्हणून येतं. आणि पुण्याला वर्षभर येऊन राहिलीस तर ते सुटत नाही, परत गेलीस की आजी तिथेच, पाटी तिथेच, आणि नवरा एव्हाना जर्मन बोलायला लागलेला.

म्हणून भाषा. आणि याची घाई आहे म्हणून कान देऊन ऐक. नवऱ्यामागे कुटुंब म्हणून आलेल्यांना इंटेग्रेशन कोर्स मिळतो, एकूण ७०० तास, त्यातले ६०० भाषेचे आणि १०० तिथल्या कायद्या-इतिहासाचे, बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः जमतील इथपर्यंत, नेतात, फीचा साधारण निम्मा भाग सरकार भरतं. पण त्यावरचा हक्क राहण्याचा परवाना मिळाल्यापासून एका वर्षातच मागायचा असतो. तुझे आठ महिने गेलेत. तुझं कार्ड काढ, त्यावरची तारीख बघ आणि याच आठवड्यात परदेशी नागरिकांच्या ऑफिसात कोर्सच्या कागदाबद्दल विचार, ईमेल कर, उत्तर आलं नाही तर परत कर. उच्चशिक्षित म्हणून कधीकधी खळखळ करतात, मग फोल्क्सहोखशूल, म्हणजे मोठ्यांसाठी क्लास घेणारी संस्था, आहेच, गावोगाव असते, आपल्या पैशाने करायचा पण खिशाला फार जड नाही. ऑनलाइन करू नकोस प्लीज. घरातल्या त्याच टेबलावर बसून अजून एक स्क्रीन बघायची नाहीये तुला. वर्गात एखादी सीरियाची असेल, एखादी ब्राझीलची, एखादी युक्रेनची, सगळ्यांचं व्याकरण तुझ्याइतकंच रडकं, आणि तिथे दर सकाळी नऊला तुझी वाट बघणारं कुणीतरी असेल. माझी आजची सगळ्यात जवळची मैत्रीण तुर्की आहे, आम्ही दोघी डेर-डी-डास वर, म्हणजे जर्मन शब्दांच्या तीन लिंगांवर, एकत्र रडलोय.

नोकरीचं खरं सांगते, गोड बोलत नाही. सरकारी शाळेत शिक्षिका व्हायचं तर रस्ता लांब आहे, तिथे बहुतेक दोन विषय लागतात आणि जर्मन अगदी वरच्या पातळीचं. आपली डिग्री तिथे कशात मोजली जाते ते अनाबिन नावाच्या सरकारी साइटवर बघता येतं, बघून ठेव. पण गणिताच्या शिकवण्या? आठवीच्या पोरांचे आईबाप सगळ्या जगात सारखेच गं. बी-वन झाल्यावर शिकवणीचे क्लास घेणाऱ्या संस्थांत विचारायला सुरुवात कर, आकडे तर सगळीकडे तेच आहेत, फक्त एकवीसला ते एक आणि वीस असं उलटं म्हणतात, आणि खरं तर आपण पण एक-वीसच म्हणतो की, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते. तुझ्या कार्डासोबत नोकरी करायची परवानगी बहुतेक आहेच, त्यावर काय छापलंय ते नवऱ्याला न विचारता स्वतः वाच.

आता पोरीचं. मैत्रिणीचं अजिबात ऐकू नकोस. घरी मराठीच. तुझं ए-वनचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन तिला शिकवून तिला काय मिळणार, तुझ्या चुका? जर्मन तिला किटात मिळेल, रागावणं लाड करणं गोष्ट सांगणं हे तुला ज्या भाषेत नीट येतं त्याच भाषेत कर. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं कित्येक आठवडे, कुणी कुणी तर महिनेच्या महिने, नुसती ऐकत बसतात, तोंड उघडत नाहीत आणि मग एके दिवशी पूर्ण वाक्यच येतं. तू एवढंच बघ की घरी ती नेहमीसारखी बडबडते का, किटात मुलांबरोबर खेळते का, सांगितलेलं तिला समजतं का. हे सगळं हो असेल तर थांब थोडी. घरी पण गप्प झाली असेल तर मात्र थांबू नकोस. तसंही चौथ्या वाढदिवसाच्या आसपास मुलांच्या डॉक्टरांकडे यू-आख्त नावाची तपासणी असते, त्यात बोलणं पण बघतात, तिथे किटातलं सगळं सांग. आणि किटातल्या बाईंना पाच-सहा मराठी शब्द लिहून दे, पाणी, शू, दुखतंय, आई येईल, असे, जर्मन अक्षरांत. माझ्या मुलाच्या किटातल्या बाई अख्ख्या गटाला "चला चला" म्हणायला लागल्या होत्या, आणि त्यानंतर आमचा मुलगा भलताच भाव खायला लागला.

आणि ते "आई हळू बोल". त्याचा एवढा अर्थ काढू नकोस. तिला मराठीची लाज वाटतेय असं तू धरून बसलीयस असं वाटतं. ट्राममध्ये जरा इकडेतिकडे बघ, कुणीच मोठ्याने बोलत नाही. आपण कोथरूड डेपोच्या बसमध्ये बोलतो त्या आवाजात तू तिथे बोलत असशील. पोरीने तुझ्या आधी ओळखलं एवढंच. हळू बोल, मराठीतच बोल.

फोनचं सांगितलं तर तुला राग येईल, येऊ दे. तुला सिंहगड रोडला आईकडे आज कुठली भाजी झाली ते माहितीये आणि खालच्या आजींचं आडनाव माहीत नाही, जे बेलवर लिहिलेलं आहे. दिवसाचे अडीच-तीन तास तू पुण्यात असतेस गं, शरीर फक्त स्टुटगार्टला. आईला आठवड्यातून तीनदा, तो पण चालता चालता, बाहेर पडून, बागेत. सासूबाईंचा चारचा कॉल तर बंदच कर, पुण्यात साडेआठ, त्यांची जेवणं उरकलेली, त्या निवांत, आणि स्टुटगार्टला नेमकी पोरगी किटातून दमून आलेली आणि बाहेर जो काही उजेड उरलाय तो संपत आलेला. तो तास खेळाच्या मैदानातला आहे, बाकीच्या आया तेव्हाच भेटतात. सासूबाईंचा मुलगा रविवारी सकाळी घरी असतो, त्याने करावा त्यांना कॉल. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातील, मग तसंही वेळा बदलायच्याच आहेत, त्याचंच निमित्त कर, कुणाला वाईट वाटणार नाही.

हा एवढा भाग नवऱ्याला वाचून दाखव. भाऊ, तुम्हाला रोज सकाळी बाहेर पडायला कारण आहे, दुपारी जेवायला माणसं आहेत, आणि चुकलं तर ऑफिसमध्ये सांगणारं कुणीतरी आहे. तिला यातलं काही नाही. कोर्स सुरू झाला की मुलीला किटात सोडायचं आठवड्यातून तीन दिवस तुमच्याकडे. मुलगी आजारी पडली की प्रत्येक वेळी कोर्स बुडवायचा नाही, तुमचा आरोग्यविमा सरकारी असेल तर सध्या आई-वडील दोघांना प्रत्येकी वर्षाला १५ दिवस मुलाच्या आजारपणासाठी मिळतात, जर्मन बाप घेतात, तुम्ही पण घ्या, बॉस काही म्हणणार नाही. आणि पत्र आलं की वाचून अर्थ सांगू नका, तिच्या हातात द्या.

खाण्यापिण्याचं तू काही लिहिलं नाहीस पण विचारशील म्हणून सांगते, तिथल्या क्वार्कचं, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ चीजचं, श्रीखंड चक्का न टांगता होतं, चाळीस टक्के फॅट लिहिलेलं घे, दुकानात नवलकोल ढिगाने मिळतात, शेपू ते लोक माशाबरोबर खातात म्हणून छोट्या जुड्या असतात, आणि ऑक्टोबरातल्या केशरी भोपळ्याचे घारगे आपल्यापेक्षा चांगले होतात. बास.

आता परत येण्याबद्दल. फेब्रुवारीत ठरवू नकोस. नोव्हेंबरपासून तू साडेचार-पाचला अंधार बघतेयस, स्टुटगार्ट डोंगरांच्या वाटीत बसलेलं, ढग आले की हलत नाहीत, या दिवसांत तिथे जन्मलेले लोक पण चिडचिडे असतात. मेमध्ये यायचं असेल तर सहा आठवडे ये, आंबे खा, आईकडे लोळ, मुलीला सहा वर्षांची होईपर्यंत शाळेची सक्ती नाही त्यामुळे सुट्टीचं कुणी विचारणार नाही. पण किटातली जागा सोडू नकोस, काही झालं तरी, परत मिळायला वर्ष जाईल. आणि वर्षभर राहायचं म्हणत असशील तर कार्डावर बघ, साध्या परवान्यावर सलग सहा महिने जर्मनीबाहेर राहिलं की तो रद्द होतो, ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा खास परवाना असलेल्यांना, आणि त्यांच्या बायकापोरांना बारा महिने चालतात. नवऱ्याचं नेमकं काय आहे हे तुला माहीत नसेल, तर ते पण आजच विचार. कोर्सचे सहा महिने करून ऑक्टोबरमध्ये पण वाटलं की नाही, नकोच, तर मला लिही, मी स्वतः तुझ्या नवऱ्याला लिहीन की तिघं परत या. तेव्हा येणं वेगळं असेल, आता तू पळून येशील.

आणि रडण्याबद्दल एक. रोज रडू येतं, झोप नाही, खावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे हाउसआर्त्स्टकडे जा आणि जसं मला लिहिलंस तसंच सांग, इंग्लिशमध्ये सांगितलंस तरी बऱ्याच जणांना कळतं. दवाखाने बंद असतील आणि थांबवत नसेल तर ११६११७, आणि जिवावर बेतण्यासारखं काही असेल तर ११२. हे दोन नंबर तू स्वतःच्या मोबाईलमध्ये टाक.

शनिवारी जिना पुसून झाला की पाटी पुढच्या दाराला अडकवायला विसरू नकोस. पुढचं दार कुठलं ते माहीत नसेल तर आजींनाच विचार.